पांझरेच्या फडावरचा शोधलेख आणि त्यासाठी लिहिलेले प्रॉम्प्ट

धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. पांझरा खोऱ्यातल्या फड या जुन्या सामूहिक सिंचन पद्धतीवर मी बरीच वर्षं काम करते आहे. मुलाखती होत्या, हातानं काढलेले नकाशे होते, वह्या भरून नोंदी होत्या. त्यातून एक इंग्रजी शोधलेख उभा करायचा होता. तास, पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली यांतून सलग वेळ मिळत नाही आणि इंग्रजीत मांडायला बसलं की माझी वाक्यं आखडतात. म्हणून मसुद्यासाठी एआयची मदत घ्यायचं ठरवलं. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या लेखी सूचनेत, काय लिहिलं आणि त्यातून हाती काय आलं, ते इथे सविस्तर सांगते, कारण आमच्याकडच्या कितीतरी प्राध्यापकांपुढे आणि पीएचडी करणाऱ्या मुलामुलींपुढे आज हाच प्रश्न आहे.

आधी फडाबद्दल थोडं. पांझरा, मोसम, आरम, कान या नद्यांवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते. एका फडात एका हंगामात एकच पीक. बहुतेक खातेदारांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाणी कमी असलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना सारखी लागते. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या बंधाऱ्यांचा उल्लेख सापडतो. पुढे पांझरेवर लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणं झाली, विहिरी वाढल्या, मोटा जाऊन पंप आले. फड काही गावांत मोडला, काही गावांत अजून चालतो.

काय येतं ते बघायला मी सुरुवातीला एका ओळीचा प्रॉम्प्ट दिला: महाराष्ट्रातल्या फड सिंचन पद्धतीवर शोधलेख लिही. क्षणात लेख हजर. प्रस्तावना, साहित्याचा आढावा, पद्धती, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की यातलं एकही वाक्य पांझरेच्या काठावर उभं राहून लिहिलेलं नाही. 'शाश्वत विकास', 'पारंपरिक ज्ञान', 'लोकसहभाग' हे शब्द दर दोन ओळींनी येत होते. फडाच्या जागी राजस्थानचा जोहड किंवा तमिळनाडूची एरी असा दुसरीकडचा जुना तलाव घातला असता, तरी लेख तसाच्या तसा चालला असता. मुलाखती घेतल्याचंही त्यात लिहिलं होतं, आणि त्या कुणी कुणाच्या घेतल्या याचा पत्ता नव्हता. यंत्राकडे माझा मुद्दा नव्हता, माझा पुरावा नव्हता, वाचक कोण तेही ठाऊक नव्हतं. मग त्यानं जगभरच्या लेखांतून जे सर्वांत जास्त वेळा येतं ते जुळवून दिलं.

तेव्हा संगणक बंद करून वही उघडली. मुद्दा मराठीत लिहायचा आणि तीनच वाक्यांत बसवायचा, असं ठरवलं. या कामाला मसुद्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

माझ्या लेखाची चौकट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची. सामूहिक संसाधनं लोक स्वतः कशी टिकवतात यावरच्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९९० मध्ये त्यांनी अशा दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं तिसरं असं, की नियम ज्यांना लागू होतात त्यांनाच ते ठरवता-बदलता आले पाहिजेत. चौथं राखणीचं: लक्ष ठेवणारी माणसं वापरणाऱ्यांमधली असावीत किंवा त्यांना जबाबदार असावीत. मी फिरले त्या गावांत जागल्या अजून आहे, त्याचा मोबदला शेतकरीच देतात, म्हणजे चौथं तत्त्व शाबूत आहे. पण पाटात पाणी कधी यायचं हे आता वरच्या धरणाच्या दारावर ठरतं, म्हणजे तिसरं तत्त्व आतून पोकळ झालं आहे. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना २००५ च्या कायद्यानं अधिकार दिले, पण जुन्या फडाची पंचमंडळी त्या रचनेत नीट बसत नाहीत. हा माझा दावा. तो कागदावर उतरल्यावरच प्रॉम्प्ट लिहिण्यात अर्थ आला.

प्रॉम्प्ट मराठीतच लिहिला आणि मसुदा इंग्रजीत मागितला. ज्या भाषेत आपला विचार स्वच्छ असतो त्याच भाषेत सूचना द्यावी, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीत सूचना लिहिताना मी सोपं तेवढंच मागत होते, कारण अवघड गोष्ट मागायला शब्द पुरत नव्हते. मूळ प्रॉम्प्ट साधारण असा होता:

"हा लेख सामूहिक संसाधनांच्या अभ्यासकांसाठी आहे. त्यांना ऑस्ट्रॉम पाठ आहे, फड माहीत नाही. म्हणून तत्त्वांची ओळख दोन वाक्यांत संपव आणि फड कसा चालतो हे नीट समजाव. माझा दावा खाली तीन वाक्यांत दिला आहे. तो मऊ करू नको आणि वाढवूही नको. माझा पुरावा क्रमांक घालून दिला आहे. प्रत्येक विधानापुढे तो कोणत्या क्रमांकावरून आला ते लिही. पुराव्याबाहेरचं काहीही वस्तुस्थिती म्हणून लिहू नको. पुरावा कमी पडेल तिथे चौकटी कंसात 'पुरावा हवा' असं लिहून पुढे जा. संदर्भ फक्त माझ्या यादीतले. पाटकरी, जागल्या, हवालदार हे शब्द तसेच ठेव आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या ओळीत अर्थ दे. आत्ता काही लिहू नको. आधी तुला पडलेले प्रश्न विचार."

अशा प्रॉम्प्टच्या सुरुवातीला 'तू नामवंत प्राध्यापक आहेस' वगैरे लिहावं, असं बरेच जण सांगतात. मी लिहून पाहिलं. भाषेचा बाज थोडा बदलतो, मजकुरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वाचक कोण हे सांगितल्यानं आणि पुरावा क्रमांक घालून दिल्यानं.

सगळ्यात मोल आलं ते प्रॉम्प्टच्या शेवटच्या ओळीला, आधी प्रश्न विचार या सूचनेला. यंत्रानं प्रश्न विचारले आणि त्यातले काही माझ्या मार्गदर्शकांनी विचारावेत इतके नेमके होते. फड 'मोडला' म्हणता तेव्हा फडाखालचं क्षेत्र घटलं असं म्हणायचं आहे, की नियम पाळले जाईनासे झाले असं? जागल्याचा मोबदला धान्यात की रोख, आणि तो बदल धरणाच्या आधी झाला की नंतर? पहिल्या प्रश्नानं मला निवड करायला लावली. मी नियमांबद्दल बोलत होते, आणि मांडणीत आकडे मात्र क्षेत्राचे घेतले होते. दुसऱ्यासाठी वह्या पुन्हा काढाव्या लागल्या, दोन गावांत पुन्हा जाऊन विचारावं लागलं. मसुद्याचं एक वाक्यही लिहून झालेलं नसताना लेख इतका सुधारला होता.

पूर्ण लेख एकदम कधीच मागितला नाही. एका वेळी एकच भाग, आणि तोही क्रमाने नाही. आधी पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पद्धतीचा भाग सरळ असतो: गावं कशी निवडली, कुणाशी बोलले, कोणत्या हंगामात, कोणत्या भाषेत. माहिती दिली की यंत्र तो नीट लिहितं.

निष्कर्षांच्या भागात मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागलं. एका म्हाताऱ्या खातेदारानं अहिराणीत सांगितलं होतं, "पानी आम्हनं शे, पन चावी धरणवालास्ना हातमा शे." (पाणी आमचं आहे, पण चावी धरणवाल्यांच्या हातात आहे.) माझ्या अख्ख्या लेखाचा गाभा या एका वाक्यात आहे. मसुद्यात त्याचं रूप झालं होतं, 'जलप्रशासनातील संस्थात्मक स्थित्यंतराबाबत लाभधारकांनी चिंता व्यक्त केली'. एका माणसाचे 'लाभधारक' झाले, चावी गेली, धरण गेलं. मग प्रॉम्प्टमध्ये भर घातली: "मुलाखतीतलं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेव, त्याचा सारांश करू नको. एकानं सांगितलं असेल तर एकानं असंच लिही. 'सर्व शेतकरी', 'गावकऱ्यांचं मत' असे शब्द माझ्या तक्त्यात आधार असेल तरच वापर." सोबत मी पूर्वी लिहिलेला एक परिच्छेद नमुना म्हणून जोडला. नमुना दिल्यावर सूचना निम्म्यानं कमी लागतात. वाक्यांची लांबी, अवतरण कुठे येतं, त्यावर भाष्य किती, हे सगळं नमुन्यातून उचललं जातं. तक्ते आणि आकडे मात्र मी स्वतः केले आणि मसुद्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी बोट ठेवून ताडून पाहिला.

प्रस्तावनेसाठी भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी सांगितलेली तीन पावलं वापरली. शोधलेखांच्या प्रस्तावना कशा चालतात याचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की लेखक आधी क्षेत्र आखतो, मग त्यातली रिकामी जागा दाखवतो आणि मग ती जागा आपण कशी भरतो ते सांगतो. प्रॉम्प्टमध्ये ही तीन पावलं नावानिशी लिहिली आणि प्रत्येक पावलाला किती वाक्यं तेही सांगितलं. रचना लगेच सुधारली. पण दुसऱ्या पावलावर यंत्राला एक खोड असते. रिकामी जागा दाखव म्हटलं की ते लिहितं, 'या विषयाचा आजवर कुणीही अभ्यास केलेला नाही.' फडावर कितीतरी जणांनी लिहिलं आहे. असं वाक्य छापून गेलं तर त्या सगळ्यांच्या कामावर बोळा फिरतो. म्हणून तिथे सूचना केली: "रिकामी जागा फक्त मी दिलेल्या लेखांच्या उताऱ्यांवरून दाखव. कोणत्या उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून हे म्हणतोस ते सांग. 'आजवर कुणीही', 'प्रथमच' हे शब्द वर्ज्य." मग जे आलं ते खरं होतं: आधीच्या लेखांत पाण्याच्या वाटपाचे नियम सविस्तर आहेत, पण धरणातून पाणी सोडण्याची वेळ कोण ठरवतं याकडे लक्ष कमी आहे.

संदर्भांबद्दल जरा विस्तारानं लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आहे. यादी न देता 'संदर्भांसह लिही' म्हटलं, तर संदर्भ येतात. लेखकाचं नाव खरं असतं, नियतकालिक खरं असतं, वर्ष पटण्यासारखं असतं, आणि त्या नावाचा लेख जगात नसतो. हे यंत्र ग्रंथालयाची सूची उघडून बघत नाही, पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवत जातं, आणि शोभणारा संदर्भ रचणं त्याला सहज जमतं. इंटरनेटवर शोध घेणारी साधनं आता आहेत, त्यांत हे कमी होतं. तरी लेख खरा आणि त्याच्या तोंडी घातलेलं विधान भलतंच, हा प्रकार तिथेही आढळतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं २०२३ मध्ये अशाच रचलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड ठोठावला होता.

आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष साम्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर दुसऱ्या लेखांशी किती जुळतो याच्या, टक्क्यांवर असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून अहवाल दहाच्या खाली आला की लोक निर्धास्त होतात. पण रचलेला संदर्भ कुठल्याही लेखाशी जुळतच नाही, त्यामुळे तो त्या अहवालात दिसत नाही. विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

माझी रीत अशी बसली. प्रत्येक संदर्भ आधी मी वाचलेला असतो. त्यातला हवा तो उतारा पृष्ठ क्रमांकासह टंकून पुराव्याच्या यादीत घालते. प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडून बघते, लेख असेल तर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकून तो खरोखर उघडतो का ते पाहते. गॅझेटियरचा अख्खा खंड यंत्राला दिला तर चालेल का, असं एका सहकाऱ्यांनी विचारलं. चालतं, पण मी देत नाही. मजकूर फार लांब असला की अशा यंत्रांचं मधल्या भागाकडे दुर्लक्ष होतं, हे २०२३ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. म्हणून लागणारी पानं तेवढीच देते, आणि महत्त्वाची सूचना वर एकदा आणि मजकूर संपल्यावर खाली पुन्हा एकदा लिहिते.

मुलाखती यंत्राला देण्याआधी नावं, गटनंबर, नाती काढून टाकली आणि 'खातेदार ४' अशा खुणा घातल्या. लहान गावात 'पाटाच्या शेवटाला जमीन असलेले माजी सरपंच' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा असे तपशीलही गाळले. आता नव्या मुलाखतींच्या संमतीपत्रात एआयच्या वापराची ओळ घातली आहे आणि ती वाचून दाखवते. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे, ती कुठे जाते हे त्यांना कळायला हवं.

चर्चेचा भाग मी स्वतः लिहिला, मराठीत. यंत्राकडून तो मागायचाच नाही असं ठरवलं होतं, कारण पुराव्याचा अर्थ लावणं हेच माझं काम आहे. तो लिहून झाल्यावर वेगळा प्रॉम्प्ट दिला: "तू या लेखाचा कडक परीक्षक आहेस आणि तुला हा दावा पटलेला नाही. माझ्याच पुराव्यातून निघू शकणारं दुसरं स्पष्टीकरण मांड. भाषेबद्दल आणि रचनेबद्दल बोलू नको. कौतुक करू नको. प्रत्येक आक्षेपासोबत तो खोडायला कोणता पुरावा लागेल ते सांग."

'कौतुक करू नको' ही ओळ गरजेची आहे, नाहीतर पहिला परिच्छेद स्तुतीत जातो. यावर आलेला आक्षेप मला झोंबला आणि उपयोगीही पडला. ज्या गावांत फड मोडला तिथे विहिरी आणि पंपही जास्त असतील, तर नियम पोकळ झाले ते धरणामुळे की ज्याच्या त्याच्या विहिरीमुळे? स्वतःची विहीर असलेला खातेदार पंचांचं का ऐकेल? याचं उत्तर माझ्या वह्यांत अर्धंच होतं. चर्चेत त्यासाठी एक पूर्ण उपविभाग घातला आणि दाव्यातलं एक वाक्य बदललं: धरणानं वेळ ठरवण्याचा हक्क नेला आणि विहिरींनी पंचांची गरज कमी केली, दोन्ही मिळून.

इंग्रजी घासूनपुसून घेताना शब्दांची वर्ज्य यादी दिली आणि सांगितलं, की अर्थ बदलणारी प्रत्येक दुरुस्ती वेगळी दाखव, गुपचूप करू नको. 'सूचित होतं' च्या जागी 'सिद्ध होतं' येणं ही भाषेची दुरुस्ती नाही, दाव्याचा बदल आहे. सारांश आणि शीर्षक मात्र पटकन झाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जाहीर निवेदनाचा प्रश्न उरला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आणि प्रकाशन नीतीवरची 'कोप' ही संस्था, दोघांनीही २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की एआयला लेखक म्हणता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर सांगावा. मी पद्धतीच्या भागात लिहिलं, की मराठी टिपणांवरून इंग्रजी मसुदा करायला आणि आक्षेप तपासायला साधन वापरलं, पुरावा, विश्लेषण आणि संदर्भ माझे आहेत. साधनाचं नाव आणि आवृत्तीही दिली. प्रॉम्प्ट पुरवणीत जोडले. विभागातल्या काहींना हे अती वाटलं, लेख नाकारतील अशी भीती घातली. मला ते जोडल्याचं समाधान आहे. दुसऱ्या कुणाला खानदेशातल्या दुसऱ्या नदीवर हेच करून बघायचं असेल तर करता येईल.

परीक्षकांचे शेरे नुकतेच आले. एकानं विहिरींबद्दलच विचारलं आहे, आणि त्याचं उत्तर तयार आहे. दुसऱ्याचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, ना मी, ना यंत्रानं: पाणी सोडण्याची मागणी गावानं कधी केली आणि प्रत्यक्ष पाणी कधी सुटलं, याची लेखी नोंद आहे का? तोंडी सांगण्यावर मी ते मांडलं होतं. पंचांच्या जुन्या वह्या दोन गावांत आहेत असं कळलं आहे, पाटबंधारे शाखेकडे पाळ्यांच्या नोंदींसाठी अर्ज दिला आहे. त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवता आल्या, तर निष्कर्षांचा भाग नव्यानं लिहावा लागेल आणि पुराव्याच्या यादीत एक नवा तक्ता जाईल. तोवर कुठलाही प्रॉम्प्ट लिहायचा नाही असं ठरवलं आहे. सुट्टी लागली की आधी त्या वह्या बघायला पिंपळनेरच्या बाजूला जाणार आहे.